सिंदखेडच्या जाधवांचा वंशज, ज्याच्या नावाने मुघलांची घोडी पाण्याला तोंड लावत नव्हती

१९६७ साली रॉबर्ट ऑल्ड्रिचचा डर्टी डझन नावाचा सिनेमा आला. दुसऱ्या महायुद्धातली गोष्ट. अमेरिकेच्या लष्करी तुरुंगातले बारा कैदी, कुणाला फाशी, कुणाला दीर्घ मुदतीची सक्तमजुरी. त्यांना बाहेर काढून अशा मोहिमेवर धाडायचं जिथून परत येण्याची शक्यता जवळपास नाही. हा फॉर्म्युला इतका चालला की पुढची पन्नास वर्षं हॉलिवूड त्याच साच्यातून सिनेमे काढत राहिलं. शिस्तीत न बसणारे, एकमेकांशी न पटणारे, वरच्यांना नकोसे झालेले सैनिक आणि त्यांच्यावर सोपवलेलं अशक्य काम.

आपल्याकडे या साच्यात बसणारी खरीखुरी माणसं शोधायची तर थेट १६८९ सालात जावं लागतं. त्यातल्या सगळ्यात मोठ्या नावांपैकी एकाची मुळं आजच्या बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेड राजामध्ये आहेत.

धनाजी जाधव.

शाळेच्या पुस्तकात ते संताजीला जोडूनच भेटतात. संताजी-धनाजी, जणू एकच माणूस. मुघलांचं घोडं पाणी पिईना झालं की स्वार त्याला विचारायचे, पाण्यात तुला धनाजी दिसतो का, ही आख्यायिका सगळ्यांना तोंडपाठ असते. पण या जोडीतल्या एकाचा शेवट ज्या लढाईने जवळ आणला, ती लढाई दुसऱ्याने केली होती. हा भाग पुस्तकात बहुतेक वेळा एका ओळीत उरकला जातो.

सुरुवात सिंदखेडपासून करू.

लखुजी जाधवराव हे निजामशाहीतले बडे सरदार, जिजाऊंचे वडील. २५ जुलै १६२९ ला दौलताबादच्या भर दरबारात त्यांना दग्याने मारण्यात आलं. सोबत अचलोजी आणि राघोजी ही दोन मुलं आणि यशवंतराव हा नातूही गेला. एका दिवसात घरातली तीन पिढ्यांची माणसं संपली. लखुजींची भव्य दगडी समाधी आजही सिंदखेड राजाला आहे, जिजाऊंचा जन्म झालेल्या वाड्यापासून फार लांब नाही.

या हत्याकांडानंतर घराणं फुटलं. मागे राहिलेल्या जाधवांनी मुघलांची चाकरी धरली आणि पिढ्यान्पिढ्या ती केली. त्याला गद्दारी वगैरे म्हणणं सोपं आहे, पण त्या काळात वतन टिकवायचं तर कुठल्या तरी शाहीच्या आश्रयाला जावंच लागायचं आणि निजामशाहीने तर घरातलेच लोक कापले होते. अचलोजींची शाखा मात्र वेगळ्या वाटेने गेली. घराण्याच्या वंशावळीप्रमाणे अचलोजींचा लहानगा मुलगा संताजी जिजाऊंच्या मायेत वाढला. तो मोठा झाला आणि कनकगिरीच्या वेढ्यात शिवरायांचे थोरले भाऊ संभाजीराजे यांच्यासोबत पडला. संताजीचा मुलगा शंभूसिंह. तो १६६० मध्ये पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाताना घोडखिंडीत, म्हणजे आजच्या पावनखिंडीत, बाजीप्रभूंच्या तुकडीत कामी आला. या शंभूसिंहाचा मुलगा धनाजी.

म्हणजे पणजोबा दरबारात मारले गेले, आजोबा वेढ्यात, वडील खिंडीत. आणि भाऊबंद बसले होते समोरच्या छावणीत.

धनाजींचा जन्म १६५० च्या सुमाराचा मानतात. तरुणपणी ते सरनौबत प्रतापराव गुजरांच्या घोडदळात शिकले. प्रतापरावांनी १६७३ मध्ये उमराणीला बहलोलखानाला कोंडीत पकडून सोडून दिलं, महाराज रागावले आणि २४ फेब्रुवारी १६७४ ला नेसरीच्या खिंडीत प्रतापराव मोजक्या स्वारांनिशी खानाच्या फौजेवर तुटून पडले. परत कुणीच आलं नाही. मराठी माणसाला आत्मघातकी मोहीम म्हटलं की आजही हेच सात वीर आठवतात. धनाजी घडले ते याच फौजेत. मात्र अंगावर धावून जाण्यापेक्षा जिवंत परत येण्याची कला त्यांना जास्त साधली, हे त्यांच्या पुढच्या तीस वर्षांवरून दिसतं.

मग १६८९ उजाडलं. १ फेब्रुवारीला संगमेश्वरला छत्रपती संभाजी महाराज पकडले गेले, ११ मार्चला त्यांची हत्या झाली. रायगडाला वेढा पडला. राजाराम महाराज निसटून आधी पन्हाळ्याला आणि तिथून सप्टेंबरमध्ये थेट तमिळ मुलखातल्या जिंजीला गेले. नोव्हेंबरात रायगड पडला, येसूबाई आणि लहानगे शाहू मुघलांच्या कैदेत गेले. राजधानी नाही, खजिना नाही आणि राजा शेकडो मैलांवर.

अशा वेळी जी फौज उरली, ती शिवकाळातली शिस्तबद्ध फौज नव्हती. शिवाजी महाराज रोख पगार द्यायचे. आता द्यायला पैसाच नव्हता, म्हणून राजाराम महाराजांनी वतनं द्यायला सुरुवात केली. जिंकाल ते तुमचं, असा तो सौदा. त्यामुळे प्रत्येक सरदार आपापल्या पथकाचा धनी झाला. यात कालपर्यंत मुघलांची चाकरी करणारे होते. म्हसवडचे नागोजी माने मुघलांकडून राजारामांकडे आले आणि पुढे परत मुघलांकडे गेले. यात जुने वैरी होते, तापट डोकी होती. रामचंद्रपंत अमात्य आणि शंकराजी नारायण हे दोघं महाराष्ट्रात बसून ही सगळी मोट बांधत होते. सिनेमातला मेजर बारा जणांना सांभाळताना मेटाकुटीला येतो, इथे तर हजारो होते.

आणि या फौजेने काय करून दाखवलं? मल्हार रामराव चिटणीसांच्या बखरीत तो प्रसिद्ध छापा येतो. दोनेक हजार लोक घेऊन भीमेकाठच्या बादशाही छावणीत रात्री घुसायचं, औरंगजेबाच्या तंबूचे तणावे कापायचे आणि त्यावरचे सोन्याचे कळस पळवायचे. इथे एक गोष्ट सांगायला हवी. या छाप्याचे म्होरके म्हणून बखरीत ठळक नावं येतात ती संताजी घोरपडे, त्यांचे भाऊ आणि विठोजी चव्हाण यांची. शिवाय ही बखर घटनेनंतर शंभरहून जास्त वर्षांनी लिहिली गेली. धनाजींचं नाव लोकांनी सवयीने जोडलं. धनाजींना त्या कळसांच्या श्रेयाची गरजही नाही, त्यांच्या खात्यावर पुरेसं आहे.

२५ मे १६९० ला साताऱ्याजवळ रुस्तुमखान हा मुघल सरदार कुटुंबकबिल्यासह मराठ्यांच्या हाती लागला. त्या लढाईत संताजी आणि धनाजी दोघेही होते. त्याहून मोठं काम १६९२ च्या शेवटी झालं. झुल्फिकारखान जिंजीला वेढा घालून बसला होता. दोघे जवळपास तीस हजार घोडेस्वार घेऊन महाराष्ट्रातून खाली उतरले. संताजींनी कांचीकडे अलीमर्दानखानाला धरलं, धनाजींनी जिंजीच्या बाजूला इस्माईलखान मका याला धरलं. वेढा घालणारेच वेढ्यात सापडले. रसद बंद, बादशहाशी संपर्क बंद. त्यातच बादशहाचा मुलगा कामबक्ष मराठ्यांशी बोलणी करतोय असा संशय आला आणि मुघल सेनापतींनी आपल्याच शहजाद्याला अटक केली. शेवटी त्यांना तोफा सोडून वांदिवाशला मागे हटावं लागलं.

दोघांची जात वेगळी होती, स्वभावाची. संताजी म्हणजे लष्करी बुद्धीचा कहर, पण तितकाच कडक. किरकोळ चुकीसाठीही माणसाला हत्तीच्या पायी देतील अशी त्यांची कीर्ती होती. राजापुढेही वाकायची सवय नव्हती. धनाजी बोलायला मऊ, माणसं जोडणारे, दरबारात वावरायचं कसं हे जाणणारे. साहजिकच संताजींना कंटाळलेले सरदार धनाजींच्या मागे गोळा होऊ लागले. राजाराम महाराजांचंही संताजींशी बिनसलं, सेनापतिपद या दोघांत फिरू लागलं.

१६९५ च्या अखेरीस संताजींनी दोड्डेरीला कासिमखानाची फौज उपाशी मारली, पुढच्याच जानेवारीत हिम्मतखान त्यांच्याशी लढताना मारला गेला. कारकीर्दीच्या शिखरावर असलेला हा माणूस जिंजीला गेला आणि तिथे वाद विकोपाला गेला. १६९६ मध्ये आयेवारकुट्टी इथे मराठ्यांच्याच दोन फौजा समोरासमोर आल्या. एकीकडे संताजी, दुसरीकडे धनाजी आणि खुद्द छत्रपती. संताजी जिंकले. धनाजींच्या बाजूच्या अमृतराव निंबाळकरांना त्यांनी हत्तीच्या पायी दिलं. राजाराम महाराज हाती लागले, पण संताजींनी त्यांच्यापुढे हात बांधून उभं राहत माफी मागितली, असंही सांगितलं जातं.

धनाजी महाराष्ट्रात परतले. १६९७ मध्ये पुन्हा गाठ पडली, पण या वेळी संताजींचेच लोक फुटून धनाजींकडे आले. एकटा पडलेला संताजी शंभू महादेवाच्या डोंगरात शिरला. जून १६९७ मध्ये नागोजी माने यांनी तिथे त्यांना गाठून मारलं. नागोजींची बायको ही अमृतरावाची बहीण. संताजींचं शिर औरंगजेबाकडे गेलं. ज्या माणसाला बादशहाच्या एकाहून एक सेनापतींना मारता आलं नाही, तो असा गेला.

धनाजींनी वार केला नाही, पण पाठलाग त्यांचाच होता. छत्रपतींचा हुकूम पाळणं हा सेनापतीचा धर्म, असं त्यांची बाजू घेणारे म्हणतात, आणि ते खोटं नाही. तरी पुढे बराच काळ मराठी फौजेला संताजींच्या तोडीचा रणनीतिकार मिळाला नाही, हेही खरं. सेनापतिपद आता निर्विवाद धनाजींकडे आलं.

२ मार्च १७०० ला राजाराम महाराज सिंहगडावर गेले. ताराबाईंनी कारभार हाती घेतला. औरंगजेब सातारा, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड करत एकेका किल्ल्यामागे वर्षं घालवत होता. धनाजी त्याच्या छावणीच्या आजूबाजूला फिरत राहायचे. सामान लुटायचे, चारा आणायला गेलेल्या तुकड्या कापायचे, किल्ला पडला की महिन्या-दोन महिन्यांत परत घ्यायचा प्रयत्न करायचे. ताराबाईंच्या काळात मराठे नर्मदा ओलांडू लागले. नेमाजी शिंद्यांनी १७०३ मध्ये वऱ्हाडात मुघलांच्या नायब सुभेदारालाच पकडलं.

या काळातली वाकिनखेड्याची गोष्ट सिनेमावाल्यांनी अजून कशी हेरली नाही, हे नवलच. वाकिनखेडा हे बेरडांचं ठाणं, पिड्या नायक त्यांचा राजा. १७०५ मध्ये म्हातारा औरंगजेब स्वतः तिथे वेढा देऊन बसला. अडचण अशी की कित्येक मराठा सरदारांची बायका-मुलं सुरक्षित म्हणून त्याच किल्ल्यात ठेवलेली होती. मार्चच्या शेवटी धनाजी आणि हिंदुराव घोरपडे पाच-सहा हजार स्वार घेऊन आले. मोठ्या टोळीने समोरून मुघलांना लढाईत गुंतवलं आणि निवडक दोन-तीन हजार स्वारांनी मागच्या बाजूने कुटुंबं घोड्यांवर बसवून बाहेर काढली. घरची माणसं सुटल्यावर मराठे निघून गेले असते, पण नायकाने रोजचा खर्च द्यायचं कबूल करून त्यांना थांबवून घेतलं. एप्रिलच्या शेवटी मुघल आत शिरले तेव्हा नायक आणि मराठे रात्रीतच पसार झाले होते. औरंगजेबाने जातीने चालवलेला हा शेवटचा वेढा ठरला.

पुढच्या वर्षी धनाजी गुजरातेत. रतनपूरला मुघल सरदार सफदरखान बाबी आणि नजरअली त्यांच्या हाती लागले, पाठोपाठ नर्मदेच्या उतारावर गुजरातचा नायब सुभेदारही. जबर खंडणी घेऊनच मराठे परतले.

१७०७ मध्ये औरंगजेब मेला आणि मुघलांनी शाहूंना सोडलं. ताराबाईंनी हा शाहू तोतया आहे असं जाहीर केलं, सरदारांकडून दूधभातावर शपथा घेतल्याचं सांगतात. धनाजी आणि परशुरामपंत प्रतिनिधी यांना शाहूंवर पाठवलं. कैदेत असताना शाहूंची दोन लग्नं झाली होती, त्यातली एक बायको सिंदखेडच्या रुस्तुमराव जाधवांची मुलगी. म्हणजे सिंदखेडशी तुटलेली शाखा सिंदखेडच्या जावयावर चालून निघाली होती.

१२ ऑक्टोबर १७०७, भीमेकाठचं खेड. धनाजींच्या पदरी वसुलीचा हिशेब पाहणारा एक कारकून होता, बाळाजी विश्वनाथ. त्याने मध्यस्थी केली. शाहू खरेच आहेत याची धनाजींना खात्री पटली आणि त्यांनी हत्यार उचललंच नाही. परशुरामपंत एकटे लढले आणि साताऱ्याकडे पळाले. ताराबाईंच्या बाजूने पाहिलं तर हा सरळ दगा, शाहूंच्या बाजूने निष्ठा. यादवी त्या एका दिवसात फिरली, एवढं नक्की. शाहूंनी धनाजींचं सेनापतिपद कायम ठेवलं.

ते फार दिवस टिकलं नाही. शाहूंसोबत कोल्हापूरच्या मोहिमेवरून परतताना, जून १७०८ मध्ये, वारणेच्या खोऱ्यातल्या वडगावला धनाजी वारले. आजच्या पेठवडगावला त्यांची समाधी आहे.

सेनापतिपद मुलाला, चंद्रसेनला मिळालं. वडिलांच्या कारकुनाचं वाढतं वजन त्याला सहन झालं नाही. १७११ मध्ये शिकारीतल्या एका हरणावरून दोघांत जुंपली आणि बाळाजी विश्वनाथला जीव घेऊन पळावं लागलं. शाहूंनी बाळाजीला पाठीशी घातलं, तेव्हा चंद्रसेन आधी ताराबाईंकडे आणि मग निजामाकडे गेला. निजामाने त्याला भालकीची जहागीर दिली. तो कारकून १७१३ मध्ये पेशवा झाला.