मक्याच्या रानटी नातलगावर काम करणारे डॉ. पांडुरंग खानखोजे

सोनपेठ परिसरात भेंडी घेणाऱ्या शेतकऱ्यांना 'परभणी क्रांती' हे नाव नवे नाही. ही जात भेंडीच्या एका रानटी नातलगाच्या मदतीने तयार झाली, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. रानटी नातलग म्हणजे पिकाच्याच कुळातली, पण माणसाने न जोपासलेली वनस्पती. अशाच एका वनस्पतीवर जवळपास शंभर वर्षांपूर्वी मेक्सिकोत एक मराठी शास्त्रज्ञ काम करत होते. त्यांचे नाव डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे.

खानखोजे वर्ध्याचे. जन्म 1884 चा. लोकमान्य टिळकांच्या प्रभावातून ते स्वातंत्र्याच्या कामात ओढले गेले आणि जपानमार्गे अमेरिकेत पोहोचले. तिथे शेतीशास्त्राचे शिक्षण आणि गदर चळवळ दोन्ही बरोबरच चालू होते. पहिल्या महायुद्धात ते इराणच्या भागात इंग्रजांविरुद्ध लढले. त्यानंतर मायदेशाची वाट बंद झाली आणि 1924 मध्ये ते मेक्सिकोला गेले. इतिहासाच्या पुस्तकांत त्यांची कहाणी बहुधा इथेच संपते. आपल्या कामाचा भाग इथून पुढे आहे.

चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते शिकवू लागले. मेक्सिको हे मक्याचे माहेर. तिथल्या शेताच्या कडेला टिओसिंट नावाचे रानगवत उगवते. हाच मक्याचा पूर्वज. उत्तर भारतात काही ठिकाणी चाऱ्यासाठी ते मकचरी म्हणून लावतात. कणसात पाच ते बारा दाणे, तेही कठीण कवचात, आणि पिकले की गळून पडणारे. शेतकरी त्याकडे तण म्हणूनच बघणार. पण या गवताला भरपूर फुटवे येतात, कणसे अनेक लागतात आणि त्याचा मक्याशी सहज संकर होतो. खानखोज्यांनी मका आणि टिओसिंट यांच्या संकरावर प्रयोग केले. गव्हावरही त्यांचे काम होते.

प्रयोग विद्यालयाच्या आवारातच राहू नयेत म्हणून त्यांनी गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा चालवल्या. प्रसिद्ध चित्रकार दिएगो रिवेरा या कामात त्यांच्या पाठीशी होते. मेक्सिको शहरातील शिक्षण खात्याच्या इमारतीत रिवेरांनी रंगवलेल्या एका भित्तिचित्रात खानखोजे सर्वांसोबत जेवणाच्या टेबलावर भाकरी मोडताना दिसतात. विस्तार कार्यकर्त्याला याहून मोठा सन्मान कोणता, असे मला नेहमी वाटते.

स्वातंत्र्यानंतर ते भारतात आले, पुढे नागपूरला स्थायिक झाले आणि जानेवारी 1967 मध्ये तिथेच वारले. त्याच सुमारास, 1966 मध्ये, चापिंगोपासून जवळच आंतरराष्ट्रीय मका व गहू संशोधन केंद्र स्थापन झाले. तिथल्या जनुकपेढीत आज मक्याच्या वाणांबरोबर टिओसिंटचे बियाणेही जपले आहे.

जनुकपेढी म्हणजे फक्त थंड खोली नव्हे. बियाणे आधी हळूहळू वाळवून ओलावा साधारण 5 ते 7 टक्क्यांवर आणतात, मग उणे 18 अंश सेल्सिअसला ठेवतात. ठरावीक काळाने उगवण तपासतात. ती घटली की शेतात पेरून नवे बी घ्यावे लागते, आणि खरी कसोटी तिथेच असते. रानटी बियांचे कवच कठीण, म्हणून ते खरवडावे लागते. दाणे गळतात, म्हणून कणसांना पिशव्या बांधाव्या लागतात. टिओसिंट मक्याच्या शेजारी लावले तर परागीभवनाने भेसळ होते, म्हणून अंतर सोडावे लागते.

आता परत परभणीकडे. हळद्या रोगाने भेंडीचे प्लॉट पिवळे पडत होते, तेव्हा मराठवाडा कृषी विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी 'पुसा सावनी'चा संकर अॅबेलमॉस्कस मॅनिहॉट या नातलगाशी केला. संकराच्या रोपांना बी फार कमी धरत होते. पुन्हा पुन्हा भेंडीशीच संकर करून, प्रत्येक पिढीत रोग न येणारी झाडे निवडून, 1980 च्या दशकात 'परभणी क्रांती' हाती आली. पुढे अनेक भागांत विषाणूने तिलाही गाठले. नवी रोगप्रतिकारशक्ती शोधायची तर पैदासकाराला पुन्हा रानटी नातलगांकडेच जावे लागते, आणि तेवढ्यात आपण बांध तणनाशकाने साफ करत असतो.

तुरीचेही तसेच. रानतूर महाराष्ट्रात माळरानावर, झुडपांच्या आधाराने वेलीसारखी वाढते. शेंगा पोखरणाऱ्या अळीला ती सहजी बळी पडत नाही. राष्ट्रीय वनस्पती अनुवंशिक संसाधन ब्युरोचे प्रादेशिक केंद्र अकोल्याला आहे. बांधावर रानतूर दिसली तर फवारणीआधी कृषी सहायकाला दाखवा. बी गोळा करायचे असेल तर शेंगा तडकण्याआधी त्यांना कापडी पिशवी बांधा, बी सावलीत वाळवा, आणि गाव, शिवार व तारीख लिहिलेली चिठ्ठी आत टाका.