कै. डॉ. कमलाबाई सोहोनी

नीरा म्हटले की आपल्या सांगवीच्या भगिनींना आधी नदी आठवते. पण शिंदीच्या झाडापासून पहाटे मिळणाऱ्या गोड रसालाही नीराच म्हणतात. हा रस वाढीच्या वयातील अशक्त मुलांना कसा उपकारक ठरतो, हे प्रयोगाने दाखवणाऱ्या विदुषी म्हणजे डॉ. कमलाबाई सोहोनी.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूर येथे भागवत घराण्यात झाला. विख्यात लेखिका दुर्गाबाई भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. वडील व चुलते दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. १९३३ साली बी.एस्सी. परीक्षेत मुंबई विद्यापीठात पहिल्या येऊन त्यांनी बंगलोरच्या विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. मुलगी म्हणून संचालक सर सी. व्ही. रामन यांनी तो नाकारला. कमलाबाई घरी रडत बसल्या नाहीत. त्या बंगलोरला गेल्या, सत्याग्रहाचा निर्धार केला आणि एका वर्षाच्या कसोटीवर, जाचक अटी सोसून प्रवेश मिळवला. श्रीनिवासय्यांच्या हाताखाली त्यांनी इतके चोख काम केले की रामन यांचे मत पालटले व मुलींना ते दार खुले झाले.

१९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. मिळवून त्या मायदेशी परतल्या. दिल्ली व कुन्नूर येथे काम करून, १९४७ मध्ये विवाहानंतर त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत आल्या. तेथे राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास आरंभला. नीरेत जीवनसत्त्वे व लोह असल्याचे त्यांना आढळले. कुपोषित आदिवासी किशोरवयीन मुलांच्या व गरोदर मातांच्या आहारात नीरा दिल्यावर त्यांची प्रकृती स्पष्ट सुधारली. मुलाची दुर्बलता पुष्कळदा आईच्या पोटापासून सुरू होते; म्हणून मूल व माता दोघांकडे पाहणे किती योग्य होते, हे आपल्याला सहज पटेल. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पारितोषिक लाभले.

आपल्या रोजच्या कडधान्यांवरही त्यांनी संशोधन केले. कच्च्या कडधान्यांत प्रथिनांच्या पचनाला अडथळा आणणारे द्रव्य असते. नीट शिजवल्याने त्याचा जोर बराच ओसरतो. १९६६ साली मुंबईत नऊ स्त्रियांनी ग्राहक संस्था स्थापन केली, त्यांतही कमलाबाई होत्या. अन्नातील भेसळ कशी ओळखावी, हे त्यांनी गृहिणींना शिकवले. १९९८ मध्ये त्यांचे देहावसान झाले.

या चरित्रातून आपण काय घ्यावे? नीरा हे काही सर्व रोगांवरचे औषध नव्हे. पण घरातील मुलगी महिनोन् महिने फिकट दिसते, शाळेतून आली की आडवी होते, तेव्हा तिची प्रकृतीच नाजूक असे म्हणून आपण गप्प बसतो. तिच्या ताटात उसळ, पालेभाजी, दूध पडते का, की सर्वांचे झाल्यावर उरलेले पडते, हे आधी पाहावे; आणि डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्यावे. अशक्तपणाचे कारण शोधता येते, हेच कमलाबाईंनी आयुष्यभर दाखवले. त्यांच्या स्मृतीस मंडळाचे विनम्र अभिवादन.