नाचता न येणाऱ्यांचा हिरो

मित्राच्या भावाची वरात निघालीय. संदल जोरात सुरू झालाय. तुमच्या ग्रुपमध्ये आता दोन पार्ट्या पडतात. एक, मोबाइलवर बघून स्टेप्स बसवून आलेली. दुसरी, ज्यांना नाचता येत नाही. पण कोणीतरी हात धरून त्यांना मधोमध ओढलंय. ही दुसरी पार्टी काय करते, कधी नीट बघा. कोपरं वाकवून दोन्ही हात छातीसमोर, कंबर जराशी इकडून तिकडे आणि पाय जागच्या जागी सरकताहेत. झालं! निम्मी वरात असंच नाचते.

ही स्टेप कोणी शिकवली, असं विचारलंत तर कोणालाच सांगता येणार नाही. पण पडद्यावर ती ज्यांच्यामुळे ओळखली गेली, तो माणूस आपल्या विदर्भातला. नागपूरहून तीन तासांवरच्या अमरावतीत १ ऑगस्ट १९१३ रोजी जन्मलेले भगवान आबाजी पालव. सिनेमाच्या जगात ‘मास्टर भगवान’ आणि लोकांसाठी कायमचे भगवानदादा.

गिरणगावातला पैलवान गडी

भगवानदादांचे वडील कापड गिरणीत कामगार होते. दादांनीही शाळा लवकर सोडली आणि मुंबईत मजुरी केली. डोक्यात मात्र सिनेमा होता. ‘आलम आरा’ हा आपला पहिला बोलपट आला १९३१ मध्ये. त्याच्या थोडं आधी, मूकपटांच्या शेवटच्या काळात दादा कॅमेऱ्यासमोर पोचले.

आता त्यांची अंगकाठी डोळ्यांसमोर आणा. ठेंगणी, भरलेली. कुस्तीची आवड असलेला माणूस. हिरोच्या तेव्हाच्या कुठल्याच साच्यात न बसणारा. मग त्यांनी काय केलं? जिथे असं शरीर चालतं, तो सिनेमा धरला. मारामारीचे, उड्यांचे, कमी पैशांत होणारे स्टंटपट. हे चित्रपट बघायला यायचा तो दिवसभर राबून आलेला कामगार. त्याला दोन तास धमाल हवी असायची.

१९३८ मध्ये चंद्रराव कदम यांच्यासोबत त्यांनी ‘बहादुर किसान’ दिग्दर्शित केला. नंतर १९४१ मध्ये ‘वनमोहिनी’ हा तमिळ चित्रपटही केला. पुढे जागृती पिक्चर्स ही स्वतःची संस्था आणि चेंबूरला स्टुडिओ. हे सगळं सिनेमाची कुठलीही पदवी नसताना, बरं का! कथा, दिग्दर्शन, कपडे, युनिटचं जेवण, सगळीकडे ते स्वतः लक्ष घालायचे. आज तुम्ही कॉलेजच्या एकांकिकेत लाइट्स सांभाळता, प्रॉपर्टी उचलता आणि शेवटी चहाचा हिशेबही करता ना? त्यांचं शिक्षण तसंच झालं.

एक थप्पड

या गोष्टीत एक पान असं आहे, जे गाळून पुढे जाता येत नाही.

साल १९४२. ‘जंग-ए-आझादी’चं शूटिंग. प्रसंग असा, की भगवानदादांनी नायिकेच्या थोबाडीत मारायची. नायिका होत्या येवल्याच्या ललिता पवार. तेव्हा त्या नायिकेच्या भूमिका करत. थप्पड खरोखर जोरात बसली. ललिताबाईंच्या चेहऱ्याला पक्षाघात झाला आणि डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली. उपचार अनेक महिने चालले. नायिका म्हणून त्यांची कारकीर्द तिथेच संपली.

ललिताबाई मात्र संपल्या नाहीत. त्याच डोळ्यासह त्या परत आल्या. सासू, खलनायिका, प्रेमळ मिसेस डिसा अशा भूमिकांमधून त्यांनी मोठं नाव कमावलं. १९५९च्या ‘अनाडी’साठी त्यांना फिल्मफेअर मिळालं आणि टीव्हीवरच्या ‘रामायण’मधली त्यांची मंथरा तर तुमच्या आई-बाबांना आजही आठवते. हे श्रेय पूर्णपणे त्यांचं. त्यामुळे झालेली इजा लहान ठरत नाही.

स्टेजवर काम करणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट माहीत करून घ्यावी. अभिनयात समोरचा माणूस तुमच्या भरवशावर उभा असतो. हात किती जोरात जाणार, कुठे थांबणार, हे ठरलेलं नसेल, तर ‘सीन खरा वाटला’ याला काही अर्थ राहत नाही. विनोदाचंही तेच आहे.

‘अलबेला’ नावाचा जुगार

स्टंटपट चालत होते, पैसाही मिळत होता. पण त्या सिनेमांना ‘बड्या’ लोकांत मान नव्हता. राज कपूर यांनी त्यांना एकदा सामाजिक, घरगुती विषयावर चित्रपट करण्याचा सल्ला दिला. दादांनी तो मनावर घेतला. निर्माता, दिग्दर्शक आणि नायक, तिन्ही जबाबदाऱ्या स्वतःकडे ठेवून १९५१ मध्ये त्यांनी ‘अलबेला’ आणला. त्याच वर्षी ‘आवारा’ आणि ‘बाजी’ही आले होते. म्हणजे समोर राज कपूर आणि देव आनंद!

दादांकडे देखणा चेहरा नव्हता. पण दोन माणसं होती. एक गीता बाली. त्या काळातली आघाडीची नायिका या ठेंगण्या स्टंटवाल्यासोबत उभी राहिली आणि पडद्यावर मोकळेपणाने नाचली. दुसरे जुने मित्र, संगीतकार सी. रामचंद्र. हे रामचंद्र चितळकर मूळ नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे आणि गाण्याचे धडे त्यांनी काही काळ आपल्या नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे घेतलेले. म्हणजे ‘अलबेला’च्या धिंगाण्यात थोडं नागपूरही आहे! ही जोडी आधीपासूनच एकत्र होती. ‘अलबेला’त रामचंद्रांनी सॅक्सोफोन, ट्रम्पेट, बाँगो असा सगळा पाश्चात्य थाट वापरला आणि दादांसाठी पडद्यामागून आवाजही स्वतःच दिला.

चित्रपटाचा नायक प्यारेलाल म्हणजे गरीब घरातला, नट व्हायची स्वप्नं बघणारा पोरगा. घरचे म्हणतात, हे कसले धंदे! ओळखीचं वाटतंय ना? थिएटरमध्ये बसलेल्या हजारो पोरांनाही ते ओळखीचं वाटलं. त्यात हा हिरो त्यांच्यासारखाच दिसायचा आणि नाचायचाही त्यांना जमेल तसाच. चित्रपट तुफान चालला.

त्या नाचाकडे बारकाईने बघितलं तर खरी गंमत कळते. दादा हात पूर्ण फेकत नाहीत, उडी मारत नाहीत, गिरकी घेत नाहीत. प्रत्येक हालचाल अर्ध्यावर थांबते. चेहऱ्यावर मात्र पूर्ण आनंद. स्टंट करून कमावलेलं बळ सगळं आत दाबून ठेवलेलं. म्हणून ते सोपं दिसतं. अमिताभ बच्चन यांच्या नाचण्याच्या ढंगावर याच शैलीची छाप आहे, असं जाणकार नेहमी सांगतात.

सात गाड्या ते चाळ

यशानंतर जुहूला समुद्रासमोर २५ खोल्यांचा बंगला आला. आठवड्याच्या प्रत्येक दिवसाला वेगळी, अशा सात गाड्या होत्या, असंही सांगतात.

आणि मग घसरण. १९५३ मध्ये गीता बाली आणि सी. रामचंद्र यांनाच घेऊन ‘झमेला’ केला. नावसुद्धा जुळतं. पण पहिल्यासारखी जादू झाली नाही. ‘लाबेला’ही चालला नाही. ‘हंसते रहना’ या चित्रपटात बराच पैसा ओतला, तो पुराच झाला नाही. बंगला गेला, गाड्या गेल्या. भगवानदादा दादरच्या चाळीत राहायला आले.

यात दोष फक्त नशिबाचा नव्हता. एकदा जमलेली भट्टी तशीच्या तशी पुन्हा लावायचा मोह त्यांना पडला आणि प्रत्येक वेळी डावावर सगळं स्वतःचंच होतं. उद्या तुमचं एखादं रील, एखादं नाटक, एखादा स्टार्टअप चालला, तर हा मोह तुम्हालाही होईल. तेव्हा ‘झमेला’ आठवा.

पण गोष्ट इथे थांबत नाही. चाळीत आल्यावर दादा काम करतच राहिले. ज्यांनी स्टुडिओ चालवला, ते आता मिळेल ती दोन मिनिटांची भूमिका करू लागले. पुढच्या कित्येक सिनेमांत ते गर्दीत, लग्नात, पार्टीत दिसतात आणि एकदा तरी तीच स्टेप करतात. बाकीचे पांगले, तरी सी. रामचंद्र, ओमप्रकाश आणि गीतकार राजेंद्र कृष्ण चाळीतही त्यांना भेटायला येत राहिले. ४ फेब्रुवारी २००२ रोजी, दादरच्या राहत्या घरी हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचं निधन झालं. २०१६ मध्ये त्यांच्यावर ‘एक अलबेला’ हा मराठी चित्रपट आला. त्यात मंगेश देसाई दादा झाले आणि विद्या बालन गीता बाली.

दोस्तांनो, करिअर म्हटलं की आपण बंगला-गाडीपाशी येऊन थांबतो. भगवानदादांचा बंगला गेला, स्टुडिओही राहिला नाही. राहिलं ते एवढंच, की ज्याला नाचता येत नाही, त्यालाही नाचायला लाज वाटू नये. हे कमी आहे की जास्त, ते तुम्हीच ठरवा. त्याआधी एकदा ‘अलबेला’ बघा. आणि पुढच्या वेळी मारबतीच्या गर्दीत कोणी तुम्हाला मधोमध ओढलं, तर पळू नका. कोपरं वाकवा आणि सुरू व्हा.