पंडिता रमाबाई : विश्वास आणि तरतूद

आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत एक प्रश्न वारंवार निघतो. जो देवावर भरंवसा ठेवितो त्यानें पुढील सालाकरितां कणगींत दाणा राखावा काय? राखणें हा अविश्वास, असें कित्येक म्हणतात. दुसरे कित्येक कणगी भरली कीं प्रार्थना विसरतात. वाद घालण्यापेक्षां पंडिता रमाबाईंचें चरित्र पाहावें, म्हणजे उत्तर सांपडेल, असें आम्हांस वाटतें.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे थोर विद्वान व श्रद्धाळू गृहस्थ होते. त्यांनीं आपलें द्रव्य तीर्थयात्रा व दानधर्म यांत वेंचिलें. पुढें दक्षिणेंत दुष्काळ पडला, तेव्हां गांठीं कांहीं उरलें नव्हतें, आणि अंगमेहनतीचें काम घरांत कोणासच येत नव्हतें. १८७४ सालीं थोड्याच महिन्यांत आईबाप व थोरली बहीण मरण पावलीं. रमाबाई भावाबरोबर उपाशीपोटीं गांवोगांव पायीं हिंडल्या. भूक म्हणजे काय, हें त्या पुस्तकांतून शिकल्या नव्हत्या.

१८८२ सालीं त्यांचे यजमान वारले. पुढच्या वर्षीं त्या इंग्लंडास गेल्या, व तेथें वाँटेज गांवीं त्यांचा बाप्तिस्मा झाला. नंतर अमेरिकेंत जाऊन त्यांनीं हिंदी विधवांची दैना लोकांपुढें मांडिली. १८८७ सालीं बोस्टन शहरीं एक मंडळ स्थापन होऊन त्यानें दहा वर्षें मदत देण्याचें कबूल केलें. त्या आधारावर ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत शारदासदन उघडलें, आणि पुढें तें पुण्यास नेण्यांत आलें.

येथें बाईंची दूरदृष्टि पाहावी. दहा वर्षें सरल्यावर काय, याचा विचार त्यांनीं आधींच केला. पुण्याच्या पूर्वेस सुमारें ३५ मैलांवर केडगांव येथें त्यांनीं सुमारें १०० एकर जमीन घेतली व फळझाडें लावविलीं. बागेच्या उत्पन्नावर सदन चालावें, असा त्यांचा बेत होता.

परंतु देवाचा बेत याहून मोठा होता. १८९६-९७ सालीं मध्यप्रांतांत भयंकर दुष्काळ पडला. लहानपणचे दिवस आठवून बाई तिकडे गेल्या, आणि पैशाची सोय नसतांही सुमारें ३०० मुली व विधवा घेऊन आल्या. पुण्यांत प्लेगाचे निर्बंध असल्यामुळें त्यांस शहरांत ठेवितां येईना. तेव्हां केडगांवची जमीन कामास आली. बागेकरितां घेतलेल्या शेतांत उपाशी लेंकरांस आसरा मिळाला, आणि तेथें मुक्तिसदन उभें राहिलें. आपला पहिला बेत बाजूस राहिला म्हणून बाई कष्टी झाल्या नाहींत. पण त्यांनीं बेतच केला नसता, तर त्या मुलींनीं कोठें जावें?

१९०० सालच्या सुमारास गुजराथेंतही दुष्काळ पडला, तेव्हां सदनांतील संख्या दोन हजारांच्या घरांत गेली. ब्रिस्टल येथील अनाथांचे पालक जॉर्ज म्यूलर यांची हकीकत बाईंनीं वाचली होती. त्यांच्याप्रमाणें त्याही रोजच्या भाकरीकरितां देवाकडे पाहात. तथापि त्यांनीं कोणाचे हात रिकामे ठेविले नाहींत. शेती, विणकाम, तेल काढणें, छापखाना, असें कांहीं ना कांहीं काम प्रत्येकीस शिकविलें. जें आपल्या माहेरीं शिकविलें गेलें नाहीं, तें या मुलींस यावें, ही त्यांची कळकळ. बाईंनीं इब्री व ग्रीक भाषांतून मराठींत केलेलें पवित्र शास्त्र त्याच छापखान्यांत स्त्रियांनीं छापिलें. ५ एप्रिल १९२२ रोजीं बाई प्रभूकडे गेल्या.

बंधुभगिनींनो, योसेफानें सात वर्षें धान्य सांठविलें, तें देवाचें सांगणें ऐकूनच. उलट, कोठारें वाढवून जिवास स्वस्थ राहा म्हणणाऱ्या धनवानास प्रभूनें मूर्ख ठरविलें. धान्य दोघांनींही सांठविलें; अंतर अंतःकरणांत होतें. तेव्हां पावसाकरितां प्रार्थना करावी, पण बीं खाऊन टाकूं नये. लग्नकार्यासाठीं कर्ज काढून मग देव फेडील असें म्हणूं नये. बेत करावा, तो देवापुढें ठेवावा, आणि त्यानें आपलें शेत दुसऱ्या कोणा भुकेल्याकरितां मागितलें, तर रमाबाईंप्रमाणें आनंदानें द्यावें.