बाबासाहेबांनी स्वतःसाठी काय ठरवले होते?



परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या लहान लेकरालाही तोंडपाठ आहे. चौदार तळे, गोलमेज परिषद, पुणे करार, संविधान, नागपूर हे सगळे आपण गाण्यातून ऐकत आलो. त्यामुळे समाजासाठी बाबासाहेबांनी काय केले हे पुन्हा सांगत बसत नाही. स्वतःच्या शरीरासाठी, मनासाठी आणि धम्मासाठी त्यांनी काय ठरवले, आणि ठरवलेले कसे तडीस नेले, तेवढेच या लेखात मांडायचे आहे. हा विषय घेण्याला कारण आहे. आपल्या वस्तीत चाळिशी-पन्नाशीची कमावती माणसे जात आहेत. कुणाला साखर, कुणाला दाब, कुणाला दारू. जयंतीच्या मिरवणुकीत पुढे नाचणारा माणूस पुढच्या जयंतीला फोटोत असतो, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१, महू येथे. वडील रामजी सुभेदार हे कबीरपंथी आणि शिस्तीचे कडक. घरात रोज सकाळ-संध्याकाळ भजन, दोहे व्हायचेच. मुंबईला परळच्या चाळीत एका खोलीत सगळा संसार. जागा नाही, दिवसभर गोंगाट. तेव्हा सुभेदारांनी तोड काढली. पोराला लवकर झोपवायचे, स्वतः जागे राहायचे, आणि रात्री दोनला पोराला उठवून दिव्याखाली बसवायचे. आमच्यासारखी रात्रपाळी केलेली माणसे सांगू शकतील की रात्री दोनला डोळे उघडे ठेवणे म्हणजे काय. पण यात एक गोष्ट बघा. भीमाची झोप त्यांनी मारली नाही. झोपेची वेळ बदलली, आणि जागरण स्वतःच्या अंगावर घेतले. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. त्या वेळी केळुस्कर गुरुजींनी आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांना भेट दिले. बी ते, उगवायला पुढे पुष्कळ वर्षे गेली.

१९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. चरित्रकार सांगतात की पहिले काही महिने त्यांचेही हिंडण्या-फिरण्यात, मित्रांत गेले. तरुण वय, पहिल्यांदाच मोकळी हवा, कुणी जात विचारत नाही. मग एका रात्री घरची आठवण झाली, कोण कसे पोट मारून जगतेय ते डोळ्यापुढे आले, आणि त्यांनी मनाशी ठरवले. त्यानंतर मात्र मागे पाहिले नाही. ही गोष्ट आपल्या व्याख्यानांत कुणी सांगत नाही. आम्हाला ती फार मोलाची वाटते. कारण जन्मतःच कुणी बाबासाहेब नसतो, एका रात्री ठरवावे लागते, हे तिच्यातून पोरांना कळते.

१९१५ साली एम.ए. झाले. १९१६ ला लंडनला गेले. तिथे अर्थशास्त्राचा अभ्यास आणि बॅरिस्टरी दोन्ही सुरू केले, तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ ला परत यावे लागले. जमवलेली पुस्तके ज्या बोटीने पाठवली ती बोट महायुद्धात बुडाली. बडोद्याला नोकरीवर गेले तर राहायला जागा मिळेना, पारशी धर्मशाळेतून लोकांनी काठ्या घेऊन बाहेर काढले. एवढे झाल्यावर कुणीही म्हणाला असता, बस झालं, मिळेल ती नोकरी धरू. बाबासाहेबांनी मात्र लंडन सोडतानाच विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी घेऊन ठेवली होती. म्हणजे मुदत ठरली. मुंबईला सिडनहॅम महाविद्यालयात १९१८ ते १९२० प्राध्यापकी केली. त्या पगारातून काटकसर करून पैसा बाजूला टाकला, छत्रपती शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राकडून पाच हजार रुपये उसने घेतले, आणि १९२० च्या जुलैमध्ये मुदतीच्या आत पुन्हा लंडन गाठले. १९२१ ला एम.एस्सी., १९२३ ला डी.एस्सी. प्रबंध एकदा परीक्षकांनी परत केला, तो सुधारून पुन्हा दिला. आमच्या मते सगळ्या चरित्रातला हा भाग पोरांनी दोनदा वाचावा. ठरवणे सोपे असते. मुदत घालून घेणे, पैशाची तजवीज करणे आणि परत आलेला कागद पुन्हा लिहिणे, यात माणूस दिसतो.

पण त्या लंडनमध्येच शरीराची उधारी सुरू झाली. सकाळी चहा आणि पावाचा तुकडा, की ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय उघडायच्या वेळेला दारात हजर. दुपारचे जेवण नाही. संध्याकाळी ग्रंथालय बंद होईपर्यंत उठायचे नाही. रात्री खोलीवर थोडेफार खाऊन परत वाचन, आणि भूक भागेना म्हणून मुंबईहून आलेले पापड. इकडे मुंबईत रमाई अर्धपोटी राहून संसार ओढत होत्या. दोघांनी मिळून उपास काढले, असे म्हटले तर चुकीचे होणार नाही.

आपल्याकडे जयंतीला अठरा तास अभ्यासाचे कार्यक्रम होतात. चांगली गोष्ट आहे. पोरं एका जागी बसतात, वाचतात. पण बाबासाहेबांचे अठरा तास आपण सांगतो आणि त्यांची इन्सुलीनची सुई सांगत नाही. पन्नाशी ओलांडल्यावर त्यांना मधुमेहाने गाठले होते, रक्तदाब होता, पायातल्या शिरा रात्र-रात्र दुखायच्या, झोप लागायची नाही. १९४७ च्या २९ ऑगस्टला ते मसुदा समितीवर आले, आणि फेब्रुवारी १९४८ मध्ये मसुदा देऊन मोकळे झाले. हे सगळे काम असल्या दुखण्यात झालेले आहे. डॉक्टरांचे म्हणणे पडले की देखभाल करणारे हक्काचे माणूस घरात पाहिजे, नाही तर काही खरे नाही.

तेव्हा बाबासाहेबांनी जो निर्णय घेतला त्याबद्दल आपल्या समाजात बरेच उलटसुलट बोलले गेले. १५ एप्रिल १९४८ ला दिल्लीत त्यांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी लग्न केले. त्याच पुढे माईसाहेब झाल्या. सत्तावन्नावा वाढदिवस होऊन एकच दिवस झाला होता. आम्ही या गोष्टीकडे असे पाहतो. हातात संविधान होते, हिंदू कोड बिल होते, धर्मांतराचा शब्द दिलेला होता. तेवढे पुरे करायला आयुष्य लागत होते. एका विद्वान माणसाने स्वतःचे शरीर हे कामाचे साधन आहे, ते दुरुस्त ठेवलेच पाहिजे, असे ठरवले आणि डॉक्टरीण घरात आणली. पथ्य, औषध, सुई, झोपेची वेळ हे माईसाहेबांनी सांभाळले. त्यानंतर बाबासाहेब आठ वर्षांहून अधिक जगले. त्या आठ वर्षांत आपल्याला काय मिळाले ते मोजून बघा, म्हणजे माईसाहेबांविषयी बोलताना जीभ जरा आवरेल.

मजुराच्या शरीराचाही त्यांनी विचार केलेला होता. १९२८ साली मुंबई कायदे मंडळात बाळंतपणाच्या रजेच्या बिलाला त्यांनी पाठिंबा दिला. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचे सभासद होते. कारखान्याचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी १९४६ ची दुरुस्ती त्याच काळात पुढे आली. आम्ही गिरणीतली माणसे आठ तासांनंतर भोंगा झाला की सायकल काढतो, त्याच्या मागे ही हकीकत आहे. आता उरलेल्या सोळा तासांत आपण काय करतो, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

मनाचे म्हणाल तर त्यांच्या मनावर जेवढे घाव बसले तेवढे कुणाच्या वाट्याला येऊ नयेत. तीन मुलगे आणि एक मुलगी अशी चार लेकरे गेली. शेवटचा राजरत्न गेला जुलै १९२६ मध्ये. त्यानंतर अवघ्या आठ महिन्यांनी, २० मार्च १९२७ ला, त्यांनी चौदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. २७ मे १९३५ ला रमाई गेल्या, तेव्हा ते खोलीत कोंडून घेऊन लहान मुलासारखे रडले. बाबासाहेब रडले हे सांगायला आपल्याला कमीपणा वाटू नये. दुःख गिळून दारूच्या दुकानाकडे वळणारे आपल्यात किती आहेत! बाबासाहेब आयुष्यभर दारू-सिगारेटच्या वाटेला गेले नाहीत. त्यांचा आधार पुस्तकांचा होता. पुस्तकांसाठी दादरला राजगृह बांधले. बाग करायचा नाद होता, कुत्र्यावर जीव होता. उतारवयात तर मास्तर लावून व्हायोलिन शिकायला बसले. चित्रे काढायचाही नाद धरला. देशाचा कायदामंत्री राहिलेला माणूस साठीच्या उंबऱ्यावर सारेगम घोटतो, हे आम्ही पहिल्यांदा वाचले तेव्हा खरे वाटले नव्हते. आपल्याकडे पन्नाशी झाली की माणूस म्हणतो, आता काय शिकायचं, पारावर बसायचं.

आपल्या मराठवाड्याकडेही त्यांचे लक्ष होते. निजामाचे राज्य १९४८ ला गेले आणि १९५० साली त्यांनी औरंगाबादला महाविद्यालय काढले, तेच मिलिंद. हिंगोली, कळमनुरी, वसमत या भागातून पहिल्या पिढीची पोरं पत्र्याची पेटी घेऊन नागसेनवनात गेली. ती परत आली तेव्हा मास्तर, कारकून, वकील होऊन आली. आजची आपली अर्धी कार्यकारिणी त्यांचीच मुलेबाळे आहेत.

आता धम्माचे. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला त्यांनी जाहीर केले की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. तो शब्द पुरा झाला १४ ऑक्टोबर १९५६ ला. म्हणजे एकवीस वर्षे आणि एक दिवस. एवढा काळ का लागला, असे पोरं विचारतात. या काळात त्यांनी सगळे धर्म तपासले. १९५० ला श्रीलंकेत आणि १९५४ ला ब्रह्मदेशात बौद्ध परिषदांना गेले, पालीचा अभ्यास केला. १९५१ ला मंत्रिपद सोडल्यावर बुद्ध आणि त्यांच्या धम्मावरचा ग्रंथ हाती घेतला. घाईने बदललेला धर्म अंगाला चिकटत नाही, हे त्यांना ठाऊक असावे.

आपल्या विहारात वर्षावासात, आषाढी पौर्णिमेपासून अश्विनी पौर्णिमेपर्यंत, त्याच ग्रंथाचे वाचन होते. त्यात सिद्धार्थाच्या तपश्चर्येचे प्रकरण येते. उपासतापास करून शरीराचा सांगाडा झाला, तरी हाती काही लागले नाही. तेव्हा सिद्धार्थाने सुजाताची खीर घेतली, अंगात बळ आणले, आणि मग ध्यानाला बसला. मध्यम मार्ग तिथून सुरू झाला. हे प्रकरण लिहिताना बाबासाहेबांना लंडनचा तो पावाचा तुकडा आठवला असेल काय, असे आमच्या मनात नेहमी येते. आपल्यातले काही कार्यकर्ते अंगातला ताप लपवून मोर्चाला जातात आणि त्याचा अभिमान सांगतात. त्यांनी हे प्रकरण सावकाश वाचावे.

नागपूरला त्या दिवशी, अशोक विजयादशमीला, महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून बाबासाहेबांनी आणि माईसाहेबांनी दीक्षा घेतली. नंतर लाखो लोकांना त्यांनी स्वतः दीक्षा दिली आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्या प्रतिज्ञांची घडण बघा. प्रत्येक प्रतिज्ञा 'मी' म्हणून घ्यायची आहे. समाज करील, समिती करील, सरकार करील, असे कुठेच नाही. मी दारू पिणार नाही, हे शरीराचे झाले. मी खोटे बोलणार नाही, चोरी करणार नाही, प्राणिमात्रावर दया करीन, हे मनाचे. अष्टांगिक मार्गाने चालेन, दहा पारमिता पाळीन, हे धम्माचे. बाबासाहेबांनी ज्याला-त्याला स्वतःपुरते ठरवायला लावले आणि चार लोकांसमोर मोठ्याने म्हणायला लावले. चार लोकांनी ऐकलेले मोडताना लाज वाटते. आपण पहिल्या आठ प्रतिज्ञा जोरात म्हणतो, देव घराबाहेर काढले म्हणून छाती फुगवतो. दारूची प्रतिज्ञा आली की मागच्या रांगेतला आवाज बसतो. विहारात दर महिन्याच्या पौर्णिमेला वंदनेनंतर ज्याने-त्याने आपली एक प्रतिज्ञा धरावी आणि महिनाभर तिच्याकडे बघावे, अशी आमची कार्यकारिणीला सूचना आहे. महिला मंडळाने जमल्यास साखर आणि दाब तपासणीही त्याच दिवशी ठेवावी. बायाबापड्या दवाखान्यात जात नाहीत, विहारात येतात.

दीक्षेच्या वेळी बाबासाहेबांची प्रकृती काय होती? काठी आणि माणसाचा आधार घेतल्याशिवाय चालता येत नव्हते. नजर कमी झाली होती. तरी दुसऱ्या दिवशी नागपूरला मोठे भाषण केले, १६ ऑक्टोबरला चांद्याला दीक्षा दिली, नोव्हेंबरमध्ये काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले. दीक्षेनंतर त्यांना मिळाले ते फक्त त्रेपन्न दिवस.

५ डिसेंबर १९५६ ची रात्र. दिल्ली, २६ अलीपूर रोड. नानकचंद रत्तू पाय चेपत होते. बाबासाहेब डोळे मिटून बुद्धवंदना गुणगुणत होते, मग कबीराचे पद. लहानपणी सुभेदारांच्या घरात ऐकलेला तोच कबीर. नंतर थोडे जेवले, आणि ग्रंथाच्या प्रस्तावनेचे टाईप केलेले कागद मागून घेतले. ते बिछान्याजवळ ठेवून रात्री हात फिरवायचा होता. सकाळी माईसाहेब उठवायला गेल्या तेव्हा बाबासाहेब गेलेले होते. ७ डिसेंबरला दादरच्या समुद्रकाठी अग्नी दिला. ग्रंथ १९५७ साली मुंबईत छापून निघाला.