फादर जॉर्ज लमेत्र : विश्वाचा आरंभ आणि निर्माता



महास्फोट सिद्धांताचा पाया एका कॅथलिक धर्मगुरूने घातला. फादर जॉर्ज लमेत्र यांचा जन्म १८९४ साली बेल्जियममध्ये झाला. १९२३ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. विश्व प्रसरण पावते, असे त्यांनी १९२७ साली गणिताने मांडले. आइन्स्टाईन यांच्या मनाला ते पटेना. पुढे दुर्बिणींनी ते खरे ठरविले.

१९५१ साली पोप बारावे पायस यांना या सिद्धांतात निर्मितीची साक्ष दिसली. फादर मात्र अस्वस्थ झाले. विश्व कसे उलगडले ते विज्ञान सांगते. ते मुळात का आहे, हा प्रश्न वेगळा, असे ते मानत. सिद्धांत बदलतात, श्रद्धा त्यांच्यावर टांगू नये.

१९६६ साली ते देवाघरी गेले. सातपुड्यावरचे तारे पाहताना आपणही निर्भयपणे प्रश्न विचारू या, आणि क्षणोक्षणी आपल्याला अस्तित्व देणाऱ्या परमेश्वराचे आभार मानू या.