गोरगरिबांचे बॅरिस्टर

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर घटनेचे शिल्पकार, हे आपली लहान पोरंसुद्धा सांगतात. पण शाळा आणि रोजी या दोन गोष्टींसाठी त्यांनी कायदा कसा वापरला, हे आम्ही कामगार विसरत चाललो आहोत.

1922 साली लंडनच्या ग्रेज इनमधून ते बॅरिस्टर झाले. सनद काढायला हातात पैसे नव्हते. नवल भथेना या पारशी मित्राने मदत केली. 1923 साली मुंबई हायकोर्टात वकिली सुरू झाली. अस्पृश्य बॅरिस्टरला मोठे सॉलिसिटर काम देईनात. परळच्या दामोदर हॉलमधील कचेरीत मात्र गोरगरिबांची रीघ लागे. संसार चालवायला ते बाटलीबॉय संस्थेत कायदा शिकवीत. पुढे 1935 साली हेच बाबासाहेब सरकारी लॉ कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले.

आम्ही आयुष्य गिरणीत काढले, म्हणून पुढची गोष्ट काळजाला लागते. तुटलेला धागा थुंकी लावून जोडावा लागे. तेवढ्या विटाळापायी आपल्या माणसाला विणकाम खात्यात घेत नसत, आणि पगार तर तिथेच जास्त! 1928 च्या संपात बाबासाहेबांनी युनियनच्या पुढाऱ्यांपुढे हाच सवाल ठेवला. 1938 साली संपावर बंधने घालणारे बिल आले. कामगाराला मनाविरुद्ध राबायला लावणे म्हणजे गुलामगिरी, असा मुद्दा त्यांनी असेंब्लीत मांडला आणि 7 नोव्हेंबरला मुंबईत संप घडवला.

1942 ते 1946 ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. आठवड्याचे 54 तास 48 वर आणणारे बिल त्यांनी मांडले. 1943 साली केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींना 8.33 टक्के जागा मिळाल्या, त्यामागेही त्यांचाच पाठपुरावा होता. नोकरीला शिकलेला माणूस हवा, म्हणून 1945 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, 1946 साली सिद्धार्थ कॉलेज. 1956 साली, महापरिनिर्वाणाच्याच वर्षी, सिद्धार्थ लॉ कॉलेज उभे राहिले.

बंधूभगिनींनो, आज गिरण्या गेल्या. पोरं कंत्राटावर बारा-बारा तास राबतात, वाचल्याशिवाय कागदावर सह्या करतात. बाबासाहेबांनी मिळवून दिलेला हक्क माहीतच नसेल तर मागणार कसा? म्हणून विहाराच्या या वर्धापनदिनी आम्ही एवढेच मागतो : दर रविवारी वंदना झाली की पोरांना घेऊन बसा, कायद्याचे एक पान वाचा.

जय भीम! नमो बुद्धाय!